घोटा दुखतो, पण मार तर लागलेला नाही!

सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल जमिनीवर टेकताच घोट्यातून कळ यावी आणि कितीही आठवले तरी पाय कोठे मुरगळल्याचे स्मरू नये, असा अनुभव अनेकांना येतो. मग घरातील कोणी 'वात असेल' म्हणते, तेलाची बाटली निघते, औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळी येते. दुखणे काही काळ शमते. कारण मात्र तसेच राहते. वस्तुतः कोठे, केव्हा आणि कसे दुखते, या तीन प्रश्नांची उत्तरे नीट टिपून ठेवली, तर डॉक्टरांना निदान करणे पुष्कळ सोपे जाते.

कोठे दुखते?

टाचेच्या वर, मागील बाजूस दुखत असेल, तर पोटरीचे स्नायू टाचेला जोडणाऱ्या जाड कंडरेवर ताण आलेला असण्याचा संभव असतो. बऱ्याच दिवसांच्या खंडानंतर एकदम लांब चालणे सुरू केले की ती दुखावते. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी काही प्रतिजैविके घेत असतानाही हा त्रास उद्भवू शकतो. तेव्हा डॉक्टरांना तत्काळ कळवावे.

घोट्याच्या आतील बाजूस दुखत असेल आणि पावलाची कमान हळूहळू खाली बसत असेल, तर ती तोलून धरणारी कंडरा दुबळी होत असावी. भिंतीचा आधार घेऊन केवळ त्या पायाच्या चवड्यावर उभे राहून पाहावे. टाच उचलता येत नसेल, तर तपासणी लांबवू नये.

केव्हा आणि कसे दुखते?

दिवसभर उभे राहिल्यावर वाढणारे आणि विश्रांतीने उतरणारे दुखणे बहुधा ताणाचे अथवा सांध्याच्या झिजेचे असते. गुडघ्याच्या मानाने घोट्याची झीज कमी आढळते. आणि आढळते तेव्हा तिचे मूळ पुष्कळदा अनेक वर्षांपूर्वीच्या, विस्मरणात गेलेल्या दुखापतीत असते.

याउलट, सकाळी दोन्ही घोटे, बोटांचे सांधे तासभर किंवा अधिक वेळ आखडून राहत असतील, तर आमवाताची शंका घ्यावी. या विकारात लवकर सुरू केलेले उपचारच सांध्यांची हानी टाळू शकतात.

मध्यरात्री अचानक घोटा लालबुंद होऊन चादरीचा स्पर्शही असह्य व्हावा, हे 'गाउट'चे लक्षण असू शकते. रक्तातील वाढलेल्या युरिक आम्लाचे स्फटिक सांध्यात साचल्याने तो होतो. मात्र ऐन झटक्यात रक्तातील हे प्रमाण सामान्यही दिसू शकते. म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी लागते.

अलीकडे ताप येऊन गेला असल्यास तेही सांगावे. २००६ सालच्या चिकुनगुन्याच्या साथीत ताप ओसरल्यानंतरही कित्येकांचे घोटे महिनोन्‌महिने दुखत राहिले होते. दोन्ही घोट्यांवर सूज असेल, तर हृदय, मूत्रपिंड, यकृत यांची तपासणी आवश्यक ठरते. रक्तदाबावरील अ‍ॅम्लोडिपिनसारख्या औषधानेही अशी सूज येते. तथापि ते परस्पर बंद करू नये.

विलंब नको

सांधा गरम व लाल असून ताप येणे, किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखणे, या स्थितीत त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. पहिल्या स्थितीत जंतुसंसर्गाची, तर दुसरीत शिरेतील रक्ताच्या गुठळीची शक्यता असते. अशा पायाला तेल चोळून मालिश करू नये. मधुमेही व्यक्तींनी तर अधिकच सावध असावे. त्यांच्या पायाची संवेदना मंदावलेली असल्याने आतील हाडे खचत असतानाही वेदना किरकोळ भासते. पाऊल गरम, लाल व सुजलेले दिसताच त्यावर भार देणे थांबवून वैद्यकीय मदत घ्यावी.

घरच्या घरी

साध्या ताणाच्या दुखण्यात काही दिवस चालणे कमी करावे, पाय उशीवर उंच ठेवावा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावावा. संवेदना कमी असलेल्यांनी बर्फ अथवा शेक स्वतःहून घेऊ नये. टाचेला आधार देणारी पादत्राणे वापरावीत, वजन आटोक्यात ठेवावे आणि वेदना ओसरल्यावर पोटरीचे व्यायाम तज्ज्ञांकडून शिकून घ्यावेत. वेदनाशामक गोळ्या मनाने दीर्घकाळ घेतल्यास जठरात व्रण होऊ शकतो, मूत्रपिंडास इजा पोहोचू शकते आणि रक्तदाबही वाढू शकतो.

दोन आठवड्यांत उतार न पडल्यास आपली टिपणे व चालू औषधांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जावे. वेदना ही शरीराने दिलेली पूर्वसूचना आहे. ती गोळीने गप्प करण्याआधी तिचे म्हणणे ऐकून घेणे, हेच खरे शहाणपण होय.