प्रसाधन : गरज की चैन? विनयाची कसोटी

साबण, दंतमंजन, कंगवा, वस्तरा या नित्याच्या वस्तू गरजेच्या मानाव्यात की चैनीच्या? प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु उपोसथदिनी अष्टशील ग्रहण करून माळा, सुगंध व विलेपन यांपासून विरत राहणाऱ्या उपासक-उपासिकांना तो पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आपण विनयपिटकात शोधू.

भिक्खूच्या अष्टपरिष्कारांत तीन चीवरे, भिक्षापात्र, सुई, कंबरपट्टा व पाणी गाळण्याचे फडके यांच्या जोडीला वस्तराही आहे. सर्वस्वाचा त्याग केलेल्यालाही जे बाळगावे लागते, त्यास चैन म्हणता येणार नाही.

चुल्लवग्गाच्या खुद्दकवत्थुक्खंधकात याविषयीचे अनेक नियम आले आहेत. लांब नखे ठेवण्यास मनाई झाली, तेव्हा काही भिक्खू दातांनी नखे तोडू लागले, काही भिंतीवर घासू लागले. बोटे दुखू लागली. म्हणून तथागतांनी नखे कापण्याच्या साधनास अनुमती दिली. पुढे काही भिक्खूंनी वीसही नखांना झिलई करविली, तेव्हा ती निषिद्ध ठरली. नखांतील मळ काढण्यास मात्र मोकळीक राहिली. कानातील मळ काढण्याची कोरणी लाकडाची, बांबूची वा शिंगाची चालते; सोन्याचांदीची चालत नाही. आरशात मुख पाहणे वर्ज्य, परंतु व्याधी असल्यास त्याची परवानगी आहे. दातवणाचे तर पाच लाभ सांगितले असून त्याची लांबीही चार ते आठ अंगुळे अशी ठरविली आहे.

या उदाहरणांतून आम्हास एकच सूत्र दिसते. विनय वस्तूचे नाव पाहत नाही. तिचा हेतू व प्रमाण पाहतो. मळ, व्याधी व दुर्गंधी दूर करते ती गरज. इतरांहून आपण वेगळे, श्रेष्ठ दिसावे म्हणून वापरली जाते ती चैन.

ही गरज ठरवताना ज्याचा देह त्याची अडचण ऐकावी लागते. मासिक पाळीच्या काळात भिक्खुणींची आसने डागाळू लागली, तेव्हा त्यासाठी वेगळे वस्त्र वापरण्यास व ते सरकू नये म्हणून कमरेला दोरा बांधण्यास अनुमती मिळाली, अशी नोंद चुल्लवग्गाच्या भिक्खुणीखंधकात आहे. भारतात मात्र २०१७ साली वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा सॅनिटरी नॅपकिनवर १२ टक्के कर होता. तो जुलै २०१८ मध्ये रद्द झाला. साबणाची वडी, टूथपेस्ट व केसांचे तेल यांवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला तो २२ सप्टेंबर २०२५ रोजी.

आपल्या समाजापुरते या प्रश्नास आणखी एक अंग आहे. गावचा न्हावी ज्यांच्या डोक्याला हात लावीत नसे, त्यांना अस्वच्छ म्हणून हिणवणारेही तेच गाव होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे स्त्रियांना स्वच्छ राहण्याचा आणि अस्पृश्यतेची खूण ठरलेले दागिने टाकून देण्याचा उपदेश केला. दागिने टाकणे व स्वच्छता राखणे या दोन गोष्टी त्यांनी एकाच वेळी सांगितल्या, यात विसंगती नाही. विनयाचीही दिशा हीच आहे.

म्हणून उपोसथदिनी दात घासल्याने, स्नान केल्याने वा नखे कापल्याने शील भंग पावत नाही. हाती वस्तू घेताना ती कशासाठी घेत आहोत, एवढे प्रत्येकाने स्वतःस प्रामाणिकपणे विचारावे.