टीव्हीटीके : एका पारदर्शक आवरणाची वीस वर्षं

पायथनमध्ये त्रिमितीय चित्रं काढणाऱ्यांना मायावी हे नाव जुनं आहे. प्रभू रामचंद्रन यांनी ते 2001 च्या सुमारास मद्रास आयआयटीत पीएचडी करताना लिहिलं. पुढे ते पवईला, आयआयटी मुंबईच्या एरोस्पेस विभागात प्राध्यापक झाले. पण माझ्या मते त्यांचं अधिक मोलाचं काम मायावीच्या पोटात दडलंय: व्हीटीके या ग्राफिक्स लायब्ररीभोवतीचं पायथनचं आवरण, टीव्हीटीके. एन्थॉट या अमेरिकी कंपनीच्या पाठबळावर 2004 पासून ते आकाराला आलं.

मूळ व्हीटीके लायब्ररी सी प्लस प्लसमधली. पायथनमधून ती चालवता यायची, पण वळण तिचंच राहायचं. गोलाची त्रिज्या बदलायला 'सेटरेडियस', विचारायला 'गेटरेडियस'. टीव्हीटीकेने प्रत्येक व्हीटीके ऑब्जेक्टभोवती पायथनचा ऑब्जेक्ट उभा केला आणि त्रिज्या साधं 'रेडियस' झाली. बरोबरचं चिन्ह टाका, बदलली. शेकडो क्लास हाताने कोण लिहिणार? व्हीटीकेचे क्लास तपासून आवरणाचा कोड प्रोग्रामच तयार करतो. आतला ऑब्जेक्ट परस्पर बदलला तर व्हीटीके तसा इशारा देतं आणि बाहेरची किंमतही बदलते. तोच ऑब्जेक्ट पुन्हा मागितला तर आवरणही तेच मिळतं. हे सांभाळणं सर्वांत कठीण.

पायथनच्या डक टायपिंगमध्ये ऑब्जेक्टचा क्लास विचारत नाहीत, काम भागतं का ते पाहतात. व्हीटीकेचा अ‍ॅरे लागतो तिथे टीव्हीटीके नमपायचा अ‍ॅरे किंवा साधी लिस्टही चालवून घेतं, ते याच वृत्तीने. पण सी प्लस प्लसच्या दारात ही सवलत संपते. मूळ व्हीटीकेच्या मेथडला आवरण दिलं की टाइपएरर. तिथे 'टू व्हीटीके' या फंक्शनने आवरण उतरवावं लागतं. मला हा उघडपणा आवडतो. पायथनमध्येही संपूर्ण पारदर्शकता फुकट मिळत नाही: 'लेन' हे फंक्शन आपली खास मेथड ऑब्जेक्टवर नाही, त्याच्या क्लासवर शोधतं. त्यामुळे न सापडलेलं नाव नुसतं आत पाठवणारं आवरण तिथे फसतं.

पुढे पायव्हिस्टा हे व्हीटीकेवरचंच दुसरं पायथन पॅकेज आलं. त्याने आवरणाऐवजी थेट व्हीटीकेच्या क्लासांचा वारसा घेतला. नव्या कामाला आज मीही तेच सुचवीन. पण स्वतःचं आवरण लिहायला बसणार असाल, तर आधी टीव्हीटीकेचा कोड वाचा. तो सगळ्यांसाठी खुला आहे.