श्वासाची गोष्ट – लेखांक 6 : जोर लावून फुंका!

एक्स-रेवर फुफ्फुस दिसतं, पण ते काम कितपत करतंय हे कळत नाही. धाप लागणाऱ्या माणसाचा एक्स-रे कितीदा तरी स्वच्छ येतो आणि ‘वयोमानाने होतं’ म्हणत तो घरी परततो. इथेच पीएफटीची (फुफ्फुसाचं काम मोजणाऱ्या तपासण्यांची), त्यातही स्पायरोमेट्रीची, म्हणजे नळीत जोरात फुंकून हवा मोजण्याची गरज लागते.

तयारी थोडीच. सुई नाही, उपाशी राहायला नको. फक्त भरपेट जेवून जाऊ नका. कंबरपट्टा, साडीची गाठ सैल ठेवा. तासभर आधीपासून बिडी-सिगारेट नको. कोणता पंप (इनहेलर) किती तास आधी थांबवायचा ते डॉक्टरांना विचारा. मध्येच धाप लागली तर मात्र पंप घ्या, तपासणी दुसऱ्या दिवशीही होते. नुकताच हार्ट अॅटॅक आला असेल, डोळ्याचं, छातीचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालं असेल, तर ते आधीच सांगा. लघवीलाही जाऊन या. जोरात फुंकताना थेंब-थेंब गळण्याच्या धास्तीने अनेक बायका पुरता जोर लावत नाहीत.

खोलीत गेल्यावर चपला काढून उंची मोजतात. उंचीनुसार फुफ्फुसात मावणारी हवा वाढते, हे लंडनच्या जॉन हचिन्सन यांनी 1846 मध्येच दाखवून दिलं होतं. मग खुर्चीत ताठ बसायचं, नाकाला चिमटा, नळीभोवती ओठ घट्ट. छाती भरून श्वास घ्यायचा आणि एका दमात, सगळ्या ताकदीनिशी बाहेर फेकायचा. तंत्रज्ञ ओरडायला लागतो : ‘सोडा, सोडा, अजून, अजून!’ तो रागावलेला नसतो. छाती रिकामी झाली असं तुम्हाला वाटतं, तेव्हाही आत हवा उरलेली असते. ती काढायला सहा सेकंद किंवा त्याहूनही जास्त वेळ लागतो.

निरोगी प्रौढ माणूस एकूण हवेपैकी साधारण तीन चतुर्थांश पहिल्याच सेकंदात बाहेर टाकतो. श्वासनळ्या अरुंद झाल्या की हे प्रमाण घटतं. श्वासनळ्या रुंद करणारा पंप दिल्यावरही ते 70 टक्क्यांच्या खाली राहिलं तर सीओपीडीचा (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचा) संशय बळावतो. आता तुम्ही दोन सेकंदांतच थांबलात, तर एकूण हवाच कमी मोजली जाते. मग पहिल्या सेकंदाचा वाटा फुगून दिसतो आणि आजार कागदावरून नाहीसा होतो. म्हणून चहावर घालतो तशी फुंकर इथे चालत नाही.

असे किमान तीन चांगले प्रयत्न लागतात, आणि त्यातले सर्वोत्तम दोन जवळपास सारखे यावे लागतात. नंतर सालब्युटामॉलचा पंप देऊन पंधरा मिनिटांनी तेच पुन्हा. आकडे चांगले सुधारले तर दम्याकडे बोट जातं. फुंकताना खोकला येतो, थोडं गरगरतं. तसं सांगा आणि दोन मिनिटं थांबा.

मला काळजी वाटते ती जन्मभर चुलीपुढे बसलेल्या बायकांची. सीओपीडी म्हणजे बिडी ओढणाऱ्यांचा रोग, असा समज असल्याने त्यांच्यासाठी ही तपासणी सुचवलीच जात नाही. सुचवली, तरी मुलगा-जावयासमोर तोंड फुगवून फुंकायची लाज वाटते. तेवढा वेळ घरच्यांनी बाहेर बसावं.

आणि हो, रिपोर्ट जपून ठेवा. वर्षागणिक थोडी क्षमता सर्वांचीच घटते. ती भराभर घटतेय का, हे जुना कागद शेजारी ठेवल्याशिवाय डॉक्टरांनाही कळत नाही. त्यावरचे आकडे कसे वाचायचे, ते पुढच्या आठवड्यात.