पाय गार आहेत का?

ताम्हिणी घाट उतरला की मुळशी तालुका मागे पडतो आणि रायगड लागतो. त्या रायगडातल्या महाड परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९७०च्या दशकापासून लाल विंचवाच्या दंशाचा अभ्यास केला. प्राझोसिन हे रक्तदाबाचे स्वस्त औषध वेळेवर दिले तर माणूस वाचतो, हे त्यांनी दाखवले. त्यांच्या नोंदींतली एक गोष्ट मात्र औषधाइतकीच मोलाची आहे. विंचू चावल्यावर ठणक्याने ओरडणारा रुग्ण त्या मानाने सुखरूप असतो. ज्याला ठणका फारसा नाही, पण दरदरून घाम सुटलाय आणि हातपाय गार पडलेत, त्याचे हृदय धोक्यात असते. औषधही हातपाय पुन्हा ऊबदार होईपर्यंत ठरावीक तासांनी द्यायचे. आता प्रश्न असा, की रात्री दोन वाजता त्या पायांना हात लावून पाहणार कोण? मुळशीतले पौडचे ग्रामीण रुग्णालय घ्या किंवा लवळ्याचे सिम्बायोसिसचे मोठे रुग्णालय, उत्तर एकच आहे: ड्युटीवरची सिस्टर. पाय गार लागले म्हणून नुसते पांघरूण घालायचे की डॉक्टरांना उठवायचे, हे तिला त्या क्षणी ठरवावे लागते. या ठरवण्यालाच वैद्यकीय विचारप्रक्रिया म्हणतात, आणि ती फक्त डॉक्टरांची मक्तेदारी नाही.

या विचाराला शिस्त लावण्यासाठी नर्सिंग प्रोसेस आली. अमेरिकेतल्या आयडा जीन ऑर्लँडो यांनी १९६१ साली तिची मूळ कल्पना मांडली. पुढे तिच्या पाच पायऱ्या रूढ झाल्या: रुग्णाची माहिती घेणे, तिच्यावरून नर्सिंग निदान करणे, आखणी, अंमल आणि शेवटी परिणाम तपासणे. नर्सिंगच्या विद्यार्थिनी हे पाठ करतात आणि इथेच गोची होते, कारण पाठ केलेल्या पायऱ्या जिन्यासारख्या वाटतात. खरे तर ते रहाटगाडगे आहे; शेवटी हाती आलेले पुन्हा पहिल्या पायरीवर ओतायचे असते. ऑर्लँडोंचा खरा आग्रह वेगळाच होता. रुग्णाकडे पाहून परिचारिकेला जे वाटते, ते खरे धरण्याआधी तिने रुग्णालाच विचारावे. रुग्णकेंद्री सेवा म्हणजे गोड बोलणे, असा समज आपल्याकडे पसरलाय. इथे मात्र रुग्णाचे म्हणणे हा पुरावा आहे, आणि तो न घेता केलेले निदान कच्चे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: निदान डॉक्टरांनी करावे, सिस्टरने सांगितलेले करावे. पण दोघांचे निदान एकाच गोष्टीचे नसते. न्यूमोनिया हे डॉक्टरांचे निदान; कफ बाहेर काढायची ताकद या म्हातारीत उरलेली नाही, हे परिचारिकेचे. डॉक्टरांची फेरी काही मिनिटांची, सिस्टरची पाळी काही तासांची. प्रकृती बिघडते ती फेरीची वाट न पाहता. २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या नऊ देशांतल्या रुग्णालयांचा अभ्यास मांडला. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेनंतर महिनाभरात मृत्यू येण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण जिथे जास्त, तिथे ती कमी होती. असा अभ्यास संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही, हे मान्य. तरीही नुसत्या हातांच्या संख्येवर सगळे भागत नाही, असे सुचवायला तो पुरेसा आहे.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड असताना केअर प्लॅन लिहायला वेळ कुठला? कालचाच मजकूर आज उतरवला जातो, आणि श्वास न मोजताच चार्टवर ‘१८’ किंवा ‘२०’ पडतात. माझ्या मते यात दोष विचाराचा नाही, विचार म्हणून कागद मोजणाऱ्यांचा आहे. शंभर ओळींच्या फॉर्मपेक्षा पूर्ण मिनिटभर मोजलेला श्वास आणि ‘सकाळपेक्षा दम वाढलाय’ ही एक ओळ जास्त कामाची. हल्ली नाडी, श्वास, रक्तदाब यांना गुण देऊन धोक्याची सूचना देणारे तक्ते आलेत. ब्रिटनने २०१२ साली असा राष्ट्रीय तक्ता आणला. ते जरूर वापरावेत. पण अंदाजाने लिहिलेल्या आकड्याची बेरीज अचूक करून काय मिळणार? आणि नेहमी बडबडणारा माणूस आज गप्प का, हे विचारायला त्या तक्त्यात रकाना नाही.

मधुमेहामुळे पायाला जखम झालेला मुळशीतला भातशेतकरी डोळ्यांपुढे आणा. घरी सोडताना त्याला सांगितले जाते, ‘पाय कोरडा ठेवा.’ महिना आषाढ, आवणी म्हणजे भाताची लावणी तोंडावर, आणि शेतात पोटरीएवढा चिखल. आठवड्याने जखम चिघळून तो परत आला, की केस पेपरवर शेरा पडतो: रुग्ण सूचना पाळत नाही. नर्सिंग निदानांच्या मान्य यादीतही अनेक वर्षे ‘सूचना न पाळणे’ असे एक निदान होते! पण परिणाम तपासणे ही पायरी मनापासून घेतली, तर फसली ती आखणी. मग पुन्हा पहिल्या पायरीवर येऊन विचारावे लागते: आवणीला घरात दुसरे कोण आहे, बांधावर बसून रोपांच्या जुड्या बांधायचे काम त्याला चालेल का, ड्रेसिंगसाठी पौडपर्यंत येण्याऐवजी जवळचे उपकेंद्र जमेल का. आणि केस पेपरवरचा तो शेरा खोडून तिथे लिहावे लागते: ‘आठ दिवस आवणी आहे.’