व्यायामाची भूमी

व्यायाम किती करावा आणि केव्हा करावा, यांविषयी आपण पुष्कळ बोलतो. तो कशावर उभे राहून करावा, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आपल्या तालमींनी तो फार पूर्वी सोडविला आहे. तांबडी माती चाळावयाची, तीत तेल, ताक, हळद मिसळावयाची आणि ती रोज खणून भुसभुशीत करावयाची, हा खटाटोप पडणाऱ्याचे अंग राखण्यासाठीच होय.

मऊ जमीन अंग कसे राखते? पडणारे शरीर किती अंतरात थांबते, यावर आघात ठरतो. अर्ध्या मीटरवरून पडलेली वस्तू एका सेंटिमीटरात थांबली, तर तिच्या वजनाच्या सुमारे पन्नासपट सरासरी जोर तिला सोसावा लागतो. पाच सेंटिमीटरांत थांबली, तर सुमारे दहापट. दगड दबत नाही, माती दबते. उडी मारून खाली येताना गुडघे वाकविले, तर तेही हेच अंतर वाढवितात.

म्हणून जितके मऊ तितके चांगले, असे मात्र नव्हे. कापसाच्या गादीवर एका पायावर उभे राहून पाहा. घोटा डळमळू लागतो आणि तो मुरगळण्याची भीती असते. शिवाय जमीन बदलली की पायालाही नवे शिक्षण लागते. मातीत घडलेले खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये गादीवर लढले आणि सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळविले.

आता पुणतांब्यासारख्या गोदाकाठच्या गावातील घर घ्या. अंगणातील काळी माती पावसात निसरडी होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तेथे उड्या मारणे म्हणजे पाय मुरगळून घेणे. सारवलेली जमीन कोरडी व सपाट असेल, तर दंड-बैठकांना उत्तम. शहाबादी फरशी किंवा कोबा पायाला आधार देतो, पण दबत नाही. त्यावर दोरीवरच्या उड्या टाळाव्यात. गुळगुळीत टाइल्सवर घामाचे चार थेंबही धोक्याचे. तीवर नुसती सतरंजी अंथरली, तर सूर्यनमस्कारात हातांखालून तीच सरकते. सतरंजीवर उभे राहून टाचेने जोराने रेटून पाहावे. ती सरकली, तर खाली रबराची चटई घालावी. मोजे घालून व्यायाम करू नये.

वृद्धांची गोष्ट निराळी. त्यांना उडीच्या आघातापेक्षा घसरण्याचे भय अधिक. पाळी गेल्यानंतर स्त्रियांची हाडे विरळ होत जातात. अशा वयात खुब्याचे हाड मोडले, तर चालते-फिरते माणूस अंथरुणाला खिळते आणि सारे घर त्याभोवती अडकून पडते. त्यांच्यासाठी कोरडी, खरबरीत व सपाट जागा निवडावी. भिंत हाताच्या अंतरावर असावी, चटईची कड उचललेली नसावी आणि उजेड भरपूर असावा. आजीबाईंना व्यायाम सांगण्यापूर्वी घरातील कर्त्या माणसाने एवढी जागा आधी करून द्यावी.