लेखणी रुसली तर...



समजा, उद्या सकाळी विज्ञानाचा प्रकल्प द्यायचा आहे. टॅबलेटवर तुम्ही हृदयाची आकृती काढीत बसला आहात. महाधमनीचा बाक काढता काढता रेघ मध्येच तुटते. पुन्हा काढता, पुन्हा तिथेच तुटते. दुरुस्तीच्या दुकानात दाखवावे, तर "पडदा गेला, बदलावा लागेल" असे उत्तर मिळते आणि खर्चाचा आकडा ऐकून घरातली मंडळी गप्प होतात.

पडदा खरोखरच गेला आहे काय? पैसे मोजण्यापूर्वी याचा शोध तुम्हाला स्वतःला घेता येईल. त्यासाठी महागडी उपकरणे नकोत. हवी एक वही, एक पेन्सिल आणि थोडी चिकाटी. पण आधी ही लेखणी लिहिते कशी, ते पाहू.

काचेच्या आत विद्युतवाहक पदार्थाच्या अतिशय पातळ, पारदर्शक पट्ट्यांची आडवी-उभी जाळी असते. बोट जवळ आले की त्या ठिकाणची विद्युतभार साठवण्याची क्षमता किंचित बदलते, आणि त्यावरून टॅबलेटला बोटाची जागा कळते. इंग्लंडमधील माल्व्हर्न येथे ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ साली अशा पडद्याची कल्पना मांडली, ती विमानवाहतुकीचे नियंत्रण करणाऱ्यांसाठी! त्याच्या आदल्याच वर्षी, १९६४ मध्ये, अमेरिकेतील रँड संस्थेने तारेने जोडलेल्या लेखणीची पाटी तयार केली होती. तिच्याही पोटात तारांची जाळीच होती.

आजच्या लेखण्या मुख्यतः तीन जातींच्या. पहिली साधी, रबरी टोकाची. ती बोटाचेच काम करते. तुमच्या हातातून टोकापर्यंत वीजवाहक मार्ग असला म्हणजे झाले. दुसरी विजेवर चालणारी. तिच्यात बॅटरी असते, टोकातून ती बारीक विद्युतसंकेत सोडते आणि पडद्याची जाळी ते 'ऐकते'. तिसरीत बॅटरीच नसते! पडद्यामागच्या वेगळ्या जाळीतून चुंबकीय लहरी निघतात. लेखणीतील तारेचे वेटोळे आणि कपॅसिटर ठरावीक वारंवारतेला, झोपाळ्याला योग्य वेळी दिलेल्या झोक्याप्रमाणे, आंदोलने घेऊ लागतात. जाळी क्षणभर थांबून त्यांचा प्रतिसाद टिपते. यालाच अनुस्पंदन म्हणतात. साधी लेखणी बोट ओळखणाऱ्या पडद्यावर चालते, पण बॅटरीची आणि बिनबॅटरीची लेखणी सहसा एकमेकींच्या पडद्यावर चालत नाहीत. तेव्हा नवी लेखणी मुळीच उमटत नसेल, तर ती याच टॅबलेटसाठी आहे ना, हे प्रथम पाहा.

आता तपासणी सुरू करू. नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय घडले ते वहीत लिहायचे. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाने आला ते कळणार नाही.

१. टॅबलेट बंद करून पुन्हा सुरू करा. लेखणी बॅटरीची असेल तर ती पुरती चार्ज करा.

२. चार्जर जोडलेला असताना रेघ थरथरते काय? मग तो काढून पाहा. हलक्या चार्जरमधून येणारा विजेचा 'गोंगाट' जाळीच्या नाजूक मापनात मिसळतो. रेघ सुधारली, तर दोषी चार्जर, पडदा नव्हे.

३. लेखणीचे टोक पाहा. झिजले असेल किंवा सैल झाले असेल, तर रेघ तुटते. उलट, टोक आत अडकून बसले, तर लेखणी काचेला न टेकताच रेघ उमटू लागते! टोक बदलण्याजोगे असेल, तर हा सर्वांत स्वस्त उपाय.

४. काच मऊ, कोरड्या कापडाने पुसा. काचेवर जाड संरक्षक पत्रा चिकटवला असेल, तर तो काढून पाहण्यासारखा आहे. टोक आणि जाळी यांतील अंतर वाढले की संकेत क्षीण होतो.

५. टॅबलेटचे आवरण काढा. त्यात लोहचुंबक असू शकतात. अनुस्पंदनावर चालणाऱ्या लेखणीला त्यांचा उपद्रव होतो आणि पडद्यावर ठरावीक जागी 'मुके' भाग तयार होतात.

एवढे करूनही रेघ तुटतेच? मग पुढचा प्रयोग करा. चित्रकलेच्या ॲपमध्ये पडदाभर जवळजवळ आडव्या रेघा ओढा, मग उभ्या. जिथे तुटतात त्या जागा वहीत नकाशासारख्या टिपा. आता टॅबलेट पाव वळसा फिरवा. चित्र फिरून पुन्हा सरळ झाले की तोच प्रयोग पुन्हा करा. तुटण्याची जागा काचेबरोबर फिरली, म्हणजे काचेच्या त्याच कोपऱ्याशी राहिली, तर दोष यंत्रात असण्याचा संभव मोठा. ती काचेबरोबर न फिरता, पूर्वीसारखीच चित्राच्या वरच्या कडेला राहिली, तर संशय आज्ञावलीवर घ्या. ॲप बदलून पाहा.

त्याच जागी बोटही फिरवून बघा. बॅटरीच्या लेखणीत बोट आणि लेखणी एकाच जाळीवर चालतात. दोघेही एकाच पट्टीत अडले, तर जाळी तुटली असणे शक्य आहे. अनुस्पंदनाच्या पडद्यात मात्र दोन जाळ्या निरनिराळ्या. तिथे बोट नीट चालते, एवढ्यावरून लेखणीची जाळी शाबूत आहे असे म्हणता येत नाही.

एक इशारा: पट्टी लावून तिरकी रेघ अगदी सावकाश ओढली, तर चांगल्या लेखणीचीही रेघ कधीकधी किंचित लहरते. टोकाची जागा दोन पट्ट्यांच्या मध्ये असताना ती हिशेबाने काढावी लागते, त्याचा हा परिणाम. त्याला बिघाड समजू नका.

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग जरूर करून दाखवावा. कान साफ करण्याच्या कापसाच्या काडीचे टोक ओलसर करा आणि काडीला ॲल्युमिनियमचा वर्ख असा गुंडाळा, की तो ओल्या कापसाला टेकेल. वर्ख बोटांत धरून काडी पडद्यावर फिरवली, तर रेघ उमटते. आता तीच काडी प्लॅस्टिकच्या चिमट्याने धरा. रेघ मंदावते किंवा नाहीशी होते, कारण तुमच्या शरीराकडे जाणारा मार्ग तुटला!

टॅबलेट मात्र स्वतः उघडू नका. दुकानात जावेच लागले, तर ती वही बरोबर न्या आणि रेघ कोठे, केव्हा, काय काढून पाहिल्यावर तुटली ते दाखवा. "पडदा गेला" असे कोणी पुन्हा म्हणाले, तर "कशावरून?" हे विचारण्याचा अधिकार तुम्ही कमावलेला असेल.