बरणीतल्या मेणबत्तीची वात

चंदगड तालुक्यात पावसाचा जोर वाढला की वीज जाते, दारे-खिडक्या बंद होतात आणि मेणबत्त्या पेटतात. हल्ली काचेच्या बरणीत सोयामेण ओतून मेणबत्ती घरीच करण्याची हौसही दिसते. हे मेण सोयाबीनच्या तेलापासून बनते, त्यामुळे ते धूर करत नाही, असा समज आहे. प्रत्यक्षात कोणतेही मेण काजळी धरू शकते. ती किती धरेल, हे बरेचसे वातीवर अवलंबून असते.

समईतली वात तेल ओढते, तशीच ही वात वितळलेले मेण वर ओढते. उष्णतेने त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. मायकेल फॅरेडे यांनी १८६०-६१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांना हेच मेणबत्तीच्या साहाय्याने समजावले होते. वात जाड असेल तर मेण जास्त येते, हवा कमी पडते आणि न जळलेला कार्बन काजळी होऊन बाहेर पडतो. बंद खोलीत दम्याच्या रुग्णाला त्याचा त्रास होतो. बरणीही तापते, तडकू शकते. वात बारीक असेल तर मधोमध खड्डा पडतो आणि ज्योत मेणात बुडून विझते.

म्हणून वात बरणीच्या रुंदीनुसार निवडावी आणि जाळून पाहावी. एकाच मापाच्या तीन बरण्यांत तेच मेण, तेवढाच सुगंध घालावा. वाती मात्र तीन मापांच्या घ्याव्यात. सुगंधी तेलाने ज्वलन बदलते, म्हणून चाचणी त्याच्यासह करावी. मेण आठ-पंधरा दिवस मुरू द्यावे. मग एका वेळी चार तास जाळून पूर्ण गार करावे आणि पुन्हा पेटवण्यापूर्वी वात अर्धा सेंटिमीटर ठेवून कापावी. वितळलेल्या मेणाची खोली सेंटिमीटरभर असावी, ज्योत स्थिर असावी, काच काळी पडू नये.

पहिल्याच दिवशी मेण काठापर्यंत वितळले नाही म्हणून जाड वात घालू नये. मेण खाली जाते तशी बरणीत उष्णता कोंडते. वर बरी वाटलेली वात तळाशी भडकू शकते. त्यामुळे चाचणी तळाशी सेंटिमीटरभर मेण उरेपर्यंत करावी.

वात सुती घ्यावी. शिशाचा गाभा असलेल्या वातींवर अमेरिकेने २००३ मध्ये बंदी घातली, कारण ते शिसे घरातल्या हवेत मिसळून मुलांच्या शरीरात जाते.

मेणबत्ती पडद्यापासून आणि मुलांपासून दूर ठेवावी, खिडकी थोडी उघडी असावी. मेण पेटल्यास पाणी ओतू नये. झाकण ठेवून विझवावे. अंगावर गरम मेण सांडल्यास तो भाग २० मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावा. चिकटलेले मेण ओढू नये. हळद किंवा टूथपेस्ट लावू नये. फोड आले किंवा चेहरा, हात भाजला, तर डॉक्टरांना दाखवावे.